‘किती द्याल?’ या प्रश्नाआधी : ग्रामीण कुटुंबांची शुल्क देण्याची तयारी आणि नवी मुंबईलगतची चौदा गावे

प्रस्तावना :
घनकचरा व्यवस्थापनावरील अर्थशास्त्रीय लेखनात ‘अधिक चांगल्या सेवेसाठी आपले कुटुंब दरमहा किती रक्कम देईल?’ हा प्रश्न आता रूढ झाला आहे. मिळालेल्या उत्तरांचा उत्पन्न, शिक्षण व कुटुंबाचा आकार यांच्याशी संबंध तपासला जातो आणि बहुधा ‘ग्रामीण भागात जनजागृतीची आवश्यकता आहे’ असा निष्कर्ष काढला जातो. या निष्कर्षामागील गृहीतके नवी मुंबईच्या परिसरात कितपत टिकतात, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पद्धत आणि तिच्या मर्यादा :
ज्या सेवेला बाजारभाव नाही, तिचे मूल्य काल्पनिक बाजारपेठ मांडून विचारण्याची ही पद्धत आहे. अमेरिकेत १९८९ मध्ये एक्झॉन वाल्डिझ या जहाजातून तेलगळती झाली. त्यानंतर केनेथ ॲरो व रॉबर्ट सोलो यांच्या नेतृत्वाखालील तज्ज्ञ समितीने १९९३ मध्ये या पद्धतीचे निकष सुचविले. उत्तरदात्याने होकार वा नकार का दिला, हे विचारावे, ही त्यांतील एक महत्त्वाची सूचना होय. कारण ‘शून्य’ हे उत्तर दोन प्रकारचे असते. एक शून्य ऐपत वा गरज नसल्याचे, तर दुसरे निषेधाचे. दोहोंची एकत्र बेरीज केल्यास अविश्वासाची नोंद अनास्था म्हणून होते.

शिवाय ग्रामीण कुटुंब आज काहीच देत नाही, हे गृहीतकही चुकीचे आहे. ग्रामपंचायत कायद्यात घरपट्टीबरोबर दिवाबत्ती व सामान्य आरोग्य कर आकारण्याची तरतूद आहे. ‘आरोग्य कर भरतो, मग पुन्हा कशाचे?’ असे एखाद्या कुटुंबाने म्हटल्यास त्यास अज्ञान म्हणता येणार नाही. तसेच २०००-०१ मध्ये सुरू झालेल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानात अनेक गावांनी श्रमदान केले. रुपयांतच मोजणाऱ्या प्रश्नावलीत या योगदानाला रकाना नसतो. घरातील कचरा बहुधा स्त्रिया हाताळतात; उत्तर मात्र ‘कुटुंबप्रमुख’ देतो, ही त्रुटीही दुर्लक्षणीय नाही.

चौदा गावांचा अनुभव :
नवी मुंबई महानगरपालिका १ जानेवारी १९९२ रोजी अस्तित्वात आली. त्या वेळी दहिसर-पिंपरी-भंडार्ली परिसरातील चौदा गावे तिच्या हद्दीत होती. महापालिकेच्या कराच्या बोजाला ग्रामस्थांनी विरोध केला व २००७ मध्ये ही गावे वगळण्यात आली. पुढे मात्र नागरी सुविधांअभावी तेथूनच पुन्हा समावेशाची मागणी झाली. शासनाने २०२२ मध्ये तशी घोषणा केली आणि २०२४ मध्ये समावेशाचा निर्णय झाला. त्यानंतर महापालिकेवरील आर्थिक भाराचे कारण देऊन या समावेशाला राजकीय विरोधही झाला.

या घटनाक्रमात रस्ते, पाणी व इतर सुविधांचाही वाटा आहे. तो केवळ कचऱ्याचा प्रश्न नव्हता. तथापि तो एक बाब स्पष्ट करतो. त्याच गावांनी एका काळी कर नाकारला आणि दुसऱ्या काळी करासह येणारी व्यवस्था मागितली. म्हणजे शुल्क देण्याची तयारी हा कुटुंबाचा स्थिर गुणधर्म नसून वसुली करणारी संस्था, मिळणारी सेवा आणि तिच्यावरील विश्वास यांनुसार ती बदलते. एका दिवसाच्या सर्वेक्षणात या बदलाचा मागमूस लागत नाही.

याच गावांपैकी भंडार्ली येथे ठाणे महापालिकेने आपल्या शहराचा कचरा तात्पुरत्या प्रकल्पात आणला, तेव्हा ग्रामस्थांनी त्यास विरोध केला. अशा गावात ‘स्वच्छतेसाठी किती द्याल?’ असे विचारणे म्हणजे नुकसान सोसणाऱ्यालाच देणेकरी ठरविणे होय. तेथे ‘हा उपद्रव सोसण्यासाठी किती भरपाई घ्याल, की कोणत्याही किमतीला नाहीच?’ हा प्रश्न उचित ठरतो. मायकेल हानेमन यांनी १९९१ मध्ये दाखविल्याप्रमाणे, पर्याय नसलेल्या वस्तूबाबत या दोन रकमांत मोठी तफावत असू शकते. उपरोक्त समितीने सावध अंदाज म्हणून ‘देण्याची तयारी’ विचारण्याची शिफारस केली. परंतु हा सावधपणा येथे कचरा आणणाऱ्याच्या पथ्यावर पडतो. कोणता प्रश्न विचारायचा, हे स्वच्छ परिसरावर हक्क कोणाचा मानला यावर ठरते. तो निर्णय संख्याशास्त्राचा नव्हे, न्यायाचा आहे.

निष्कर्ष :
ही पद्धत सर्वस्वी टाकाऊ आहे, असे येथे सुचवायचे नाही. सेवेचा दर ठरविताना तिचा उपयोग आहेच. तथापि नकाराची कारणे स्वतंत्रपणे नोंदविणे, आधी भरलेला कर व श्रमदान हिशेबात धरणे, घरातील स्त्रियांचे उत्तर घेणे आणि कचरा गावाचा आहे की बाहेरून आलेला, हे प्रथम ठरविणे, एवढी पथ्ये पाळली पाहिजेत. आपल्या महाविद्यालयांतून होणाऱ्या लघुशोधप्रकल्पांत हे सहज शक्य आहे. तसे न केल्यास गावाचा निषेध आपल्याच तक्त्यांत ‘अनास्था’ या शीर्षकाखाली जमा होईल आणि त्याच्या आधारे ठरलेले धोरण त्याच गावावर लादले जाईल.