चित्रपटांतील ज्वालामुखी आणि शास्त्रीय सत्य

१९९७ सालच्या फेब्रुवारींत हॉलिवुडनें 'डान्टेज पीक' हा चित्रपट लोकांपुढें आणला, आणि एप्रिल संपण्यापूर्वींच 'व्हॉल्कॅनो' नांवाचा दुसरा चित्रपट त्याच्या पाठोपाठ आला. एकाच विषयावर, एकाच हंगामांत, इतक्या मोठ्या खर्चाचे दोन चित्रपट निघावे हा योगायोग मौजेचा खरा. पण त्याहून मौजेचा आहे तो असले चित्रपट पाहून घरीं परतल्यावर होणारा वाद. घरांतील शास्त्र शिकणारा मुलगा चित्रपटांतील दहा चुका बोटांवर मोजून दाखवितो, आणि वडील मंडळी म्हणतात, "अरे, आपण करमणुकीला गेलों होतों, परीक्षेला नव्हे!" आमच्या मतें या वादांत दोन्ही पक्षांचें थोडें थोडें चुकतें. मुलाला सगळ्या चुका सारख्याच वाटतात, आणि वडिलांना कोणतीच चूक महत्त्वाची वाटत नाहीं. कोणती चूक क्षम्य आणि कोणती अक्षम्य, हा विवेक दोघेही करीत नाहींत. तो करण्याचा यत्न आम्ही येथें करणार आहों.

या विवेकाचें मूळ फार जुनें आहे. ॲरिस्टॉटलनें आपल्या काव्यशास्त्रांत म्हटलें आहे कीं, हरिणीला शिंगें नसतात हें चित्रकाराला ठाऊक नसलें तर तो दोष खरा; पण हरिणी ओळखूंच येऊं नये अशी काढणें हा त्याहून मोठा दोष होय. पहिला दोष माहितीचा, दुसरा कलेचा. हा भेद मनांत ठेवून आधीं शिंगांच्या चुका पाहूं.

मिक जॅक्सन यांनीं दिग्दर्शित केलेल्या 'व्हॉल्कॅनो'मध्यें लॉस एंजेलिस शहराच्या ऐन वस्तींत, ला ब्रेआच्या डांबराच्या डबक्यांपाशीं, ज्वालामुखी जागा होतो आणि तप्त शिलारस विल्शायर बुलेव्हार्डवरून वाहूं लागतो. भूशास्त्र म्हणतें, हें व्हावयाचें नाहीं. त्या प्रदेशांत भूकवचाचे दोन प्रचंड खंड एकमेकांना घांसून सरकत असतात. एक दुसऱ्याच्या खालीं जात नाहीं. म्हणून तेथें धरणीकंप होतात, पण शिलारस निर्माण होण्याचें कारण तेथें नाहीं. डबक्यांतील डांबर हें खनिज तेलाचें अपत्य आहे. ज्वालामुखीशीं त्याचें नातें नाहीं. पुढें भुयारी रेल्वेंत अडकलेल्या चालकाला वांचविण्याकरितां एक अधिकारी शिलारसांत उडी घेतो आणि मेणासारखा वितळत त्यांत बुडून जातो. प्रसंग हृदयद्रावक आहे. परंतु शिलारस म्हणजे वितळलेला दगड, पाण्याच्या अडीचपट किंवा त्याहूनही जड. मनुष्यदेह त्यांत बुडणार नाहीं. वरच्यावरच जळून जाईल.

मात्र याच चित्रपटांत लोक ज्या गोष्टीला सर्वांत अधिक हंसले, ती तितकीशी हास्यास्पद नाहीं. रस्त्यावर काँक्रीटच्या तुकड्यांचा बांध घालून, त्यावर बंबांनीं आणि हेलिकॉप्टरांनीं पाणी ओतून शिलारस थिजविण्याचा तो प्रसंग होय. १९७३ सालीं आइसलंडच्या हेमाय बेटावर उद्रेक झाला असतां तेथील लोकांनीं समुद्राचें पाणी पंपांनीं शिलारसावर मारून आपलें बंदर वांचविलें, ही इतिहासांतील गोष्ट आहे. अंतर इतकेंच कीं, हेमायला जें काम करण्यास महिने लागले तें चित्रपटांत कांहीं मिनिटांत उरकतें.

रॉजर डोनल्डसन यांचा 'डान्टेज पीक' अधिक अभ्यासानें केलेला आहे. ज्वालामुखीशास्त्रज्ञांचा सल्ला घेऊन तो काढलेला होता, आणि तें पदोपदीं दिसतें. उद्रेकापूर्वीं लहान धक्क्यांची वाढती मालिका, जमिनींतून निघणाऱ्या वायूनें वाळलेलीं झाडें, एकाएकीं कढत झालेले झरे, भरदिवसां अंधार करून हिमासारखी पडणारी करडी राख, हें सर्व यथार्थ आहे. वॉशिंग्टन संस्थानांतील त्या कल्पित गांवावर त्याच संस्थानांतील सेंट हेलेन्स पर्वताची छाया स्पष्ट पडली आहे. १८ मे १९८० रोजीं त्या पर्वताची एक बाजू कोसळून जो स्फोट झाला, त्यांत ५७ माणसें दगावलीं.

पण शिंगें येथेंही आहेतच. तळें एका रात्रींत इतकें आम्ल होतें कीं नावेचें धातूचें अंग गळून जातें आणि पाण्यांत उतरलेल्या आजीबाईंचे पाय भाजून निघतात. जावा बेटांतील कावा इजेनसारखीं तीव्र आम्ल तळीं पृथ्वीवर आहेत. पण तीं अशीं तासाभरांत होत नाहींत. त्या पर्वतराजींतील स्फोटक ज्वालामुखींचा शिलारस बहुधा घट्ट आणि चिकट असतो. चित्रपटांत तो हवाईबेटांतल्यासारखा पातळ होऊन धांवतो, आणि नायक रबरी टायरांच्या मोटारींतून तो ओलांडतो. शेवटीं तीच मोटार राखेच्या तप्त लोटापुढें पळून निसटते. असे लोट ताशीं शेंकडो किलोमीटर वेगानें येऊं शकतात, हें सांगितल्यावर अधिक लिहिण्याची गरज नाहीं.

या सर्व चुका आम्ही क्षम्य मानतों. १९६८ च्या एका चित्रपटाचें नांवच 'क्राकाटोआ, ईस्ट ऑफ जावा' असें आहे, आणि क्राकाटोआ तर जावाच्या पश्चिमेस आहे! नांवांतच दिशा चुकलेल्या या चित्रपटाची थट्टा पुष्कळ झाली. पण १८८३ च्या त्या उद्रेकांत जीं ३६,००० हून अधिक माणसें मेलीं त्यांतील बहुतेक समुद्राच्या लाटांनीं मेलीं, आणि चित्रपटाच्या शेवटीं किनाऱ्यावर येते ती लाटच. दिशा चुकली, पण मृत्यूचें कारण चुकलें नाहीं. आम्हांला विचाराल तर हीच चूक पत्करली.

कारण यापुढची चूक शिंगांची नाहीं. पडद्याला लाल शिलारसाचें वेड आहे. तो रात्रीं सुंदर दिसतो, हळूहळू पुढें येतो, आणि नायकाला विचार करण्यास वेळ देतो. प्रत्यक्षांत या संथपणामुळेंच शिलारसापासून माणसें बहुधा चालत निसटतात. माणसें मारतो तो तप्त राख, वायु आणि दगड यांचा लोट; मारतो तो राखमिश्रित चिखलाचा पूर, ज्याला जावामधील लोकांच्या भाषेवरून 'लाहार' म्हणतात; आणि मारते ती छपरावर सांचून पावसानें भिजलेली राख. 'डान्टेज पीक'नें हे तिन्ही मारेकरी थोडेफार दाखविले, हें त्याचें श्रेय आहे. बाकीचे चित्रपट शिलारसाच्या रंगांतच गुंग राहतात.

कोणी म्हणेल, एवढा कीस काढण्याचें आपणांस काय कारण? महाराष्ट्राची भूमि शिलारसाच्याच थरांची बनलेली आहे. अजिंठा आणि वेरूळ यांचीं लेणीं ज्या काळ्या फत्तरांत खोदलीं तो एके काळीं वाहता अग्नि होता. पण तो अग्नि सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वींचा. आपल्यापैकीं बहुतेकांनीं जागता ज्वालामुखी डोळ्यांनीं पाहिलेला नसतो. त्याविषयींची आपली सारी कल्पना पडद्यावरूनच आलेली असते. जेथें अनुभव नाहीं तेथें चित्र हाच गुरु होतो, आणि गुरूनें काय शिकविलें हें पाहणें मग अवश्य ठरतें.

आतां खऱ्या दोषाकडे वळूं. तो दगडाविषयींचा नसून ज्ञानाविषयींचा आहे. 'डान्टेज पीक'चा नायक हॅरी डाल्टन (पिअर्स ब्रॉस्नन) याला पहिल्याच दिवशीं मनांतून कळतें कीं पर्वत फुटणार. त्याचा वरिष्ठ ड्रायफस म्हणतो, पुरावा पुरेसा नाहीं. खोटी हाकाटी झाली तर गांवाचा धंदा बसेल. राहण्यास उत्तम अशा लहान गांवांत नुकताच दुसरा क्रमांक मिळालेल्या त्या गांवांत मोठें भांडवल येऊं घातलेलें असतें. प्रेक्षकाला पहिल्यापासून ठाऊक असतें कीं पर्वत फुटणारच. त्यासाठींच तर त्यानें तिकिट काढलेलें असतें. त्यामुळें शंका घेणारा ड्रायफस त्याला अडथळा वाटतो, आणि पूल वाहून जातांना ड्रायफसही वाहून गेला म्हणजे न्याय झाला असें वाटतें. म्हणजे शास्त्रज्ञाचा संशय हा भित्रेपणा आणि नायकाची अंतःप्रेरणा हेंच शास्त्र, असा पाठ चित्रपट देऊन जातो.

ड्रायफसची भीति मात्र काल्पनिक नव्हे. १९८२ च्या मे महिन्यांत कॅलिफोर्नियांतील लाँग व्हॅली येथें भूकंपांची मालिका आणि जमिनीचा फुगवटा पाहून अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षण खात्यानें संभाव्य उद्रेकाची सूचना काढली. उद्रेक झाला नाहीं. पण मॅमथ लेक्स या प्रवासी गांवाचा धंदा बसला, घरांच्या किंमती उतरल्या, आणि लोकांचा रोष शास्त्रज्ञांवर झाला. त्या गांवच्या दुकानदारानें पुढच्या वेळीं सूचना ऐकावी कीं ऐकूं नये?

आतां याची दुसरी बाजू. कोलंबियांतील नेव्हादो देल रुईस हा हिमाच्छादित ज्वालामुखी १९८४ च्या अखेरीपासून कुरकुरत होता. १९८५ च्या ऑक्टोबरांत धोक्याचा नकाशा तयार झाला, आणि अर्मेरो हें गांव चिखलाच्या पुराच्या वाटेवर असल्याचें त्यांत दाखविलेलें होतें. १३ नोव्हेंबरच्या रात्रीं उद्रेक झाला. उद्रेक म्हणून तो मोठा नव्हता. पण त्यानें शिखरावरचें बर्फ वितळविलें, आणि सुमारें अडीच तासांनीं चिखलाचा पूर अर्मेरोवर येऊन आदळला. सर्व मिळून सुमारें २३,००० माणसें मेलीं. अडीच तासांत माणूस उंचवट्यावर चालत जाऊं शकतो. नकाशा होता, वेळ होता. जें नव्हतें तें नकाशा आणि गांव यांच्यामधील विश्वास. या शोकांतिकेंत खलपुरुष शोधूं गेल्यास एकटा ड्रायफस सांपडत नाहीं. खर्चाची काळजी, चुकीच्या इशाऱ्याची धास्ती, आणि न पाहिलेल्या संकटाची कल्पनाच न करतां येणें, हींच तेथें कारणें होतीं.

ही शेवटची उणीव चित्रपट भरून काढूं शकतो, आणि एकदां त्यानें ती भरून काढली आहे. मोरिस आणि कात्या क्राफ्त या फ्रेंच दांपत्यानें जगभरचे उद्रेक जवळून चित्रित करण्यांत आयुष्य घालविलें. अर्मेरोनंतर त्यांनीं ज्वालामुखीचे मारेकरी कोणते हें सामान्य माणसाला दाखविणारी एक ध्वनिचित्रफीत तयार केली. तींत नायक नाहीं, प्रेमकथा नाहीं. राखेचा लोट कसा येतो, चिखलाचा पूर गांव कसें गिळतो, एवढेंच आहे. १९९१ च्या वसंतांत फिलिपाइन्समधील पिनातुबो जागा झाला, तेव्हां ती फीत तेथील अधिकाऱ्यांना आणि लोकांना दाखविण्यांत आली. रेमुंदो पुनोंगबायन यांच्या संस्थेनें आणि अमेरिकन शास्त्रज्ञांनीं धोक्याच्या पायऱ्या ठरविल्या, आणि धोक्याचें वर्तुळ १०, २०, ३०, ४० किलोमीटर असें वाढवीत नेलें. आपण चुकूं शकतों हें ते पुरतें जाणून होते. १५ जूनला तो महान् स्फोट झाला. त्याच दिवशीं वादळी पाऊस आला, राख भिजून जड झाली, छपरें कोसळलीं व शेंकडो लोक मेले. पण हजारों वांचले. क्राफ्त दांपत्यानें हें पाहिलें नाहीं. १२ दिवस आधीं, ३ जूनला, जपानमधील उन्झेन पर्वताच्या राखेच्या लोटांत तीं दोघें इतर ४१ जणांसह मरण पावलीं होतीं. ज्याचें चित्र दाखवून त्यांनीं इतरांना सावध केलें, त्याच लोटानें त्यांना नेलें. त्यांच्याच चित्रफितींतून सारा डोसा यांनीं २०२२ सालीं 'फायर ऑफ लव्ह' हा माहितीपट उभा केला. तो वाचकांनीं अवश्य पाहावा.

सर्वच चित्रपटांनीं असें शिक्षकाचें काम करावें असें आमचें म्हणणें नाहीं. करमणुकीला करमणुकीचा अधिकार आहे. पण पिनातुबोच्या पायथ्याशीं जे घडलें त्यांत नाट्य कमी आहे काय? हातीं अपुरा पुरावा, समोर हजारों कुटुंबें, सांगितलें आणि चुकलें तर जन्माची अप्रतिष्ठा, न सांगितलें आणि चुकलें तर हजारों प्रेतें. यापरता पेंच कोणत्या नाटककाराला हवा? 'डान्टेज पीक'मध्यें डाल्टन आणि ड्रायफस यांच्या वादांत तो पेंच क्षणभर डोकावतो, आणि मग पर्वत फुटल्याबरोबर चित्रपट सुटकेचा निःश्वास टाकून पळापळीकडे वळतो. आमच्या मतें त्या चित्रपटाची खरी हरिणी तेथेंच होती.

म्हणून पुढच्या वेळीं शास्त्र शिकणारा मुलगा चुका मोजूं लागला म्हणजे वडिलांनीं त्याला गप्प करूं नये, त्याला एवढेंच विचारावें: "मोटार जळली नाहीं तें राहूं दे, पण जो मनुष्य 'मला अजून खात्री नाहीं' असें म्हणत होता, त्याला या चित्रपटानें काय केलें?" या प्रश्नाच्या उत्तरावरच चित्रपट शास्त्राला धरून आहे कीं नाहीं, हें आम्ही ठरवितों.