शब्दांचा चालू भाव

जेन ऑस्टिन वाचताना शेजारी डिक्शनरी ठेवावी, असं जाणकार सांगतात. मी म्हणतो, सोबत दोनशे वर्षांपूर्वीचा भावफलकही ठेवावा. कारण अवघड शब्दांची भीती नसते. ते बिचारे तोंडावर सांगतात, ‘बाबा रे, मी तुला येत नाही!’ दगा देतात ते ओळखीचे शब्द. नाव तेच, सही तीच, पण खात्यावरची शिल्लक पार बदललेली!

‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ आली 1813 साली. तिच्यातला मिस्टर कॉलिन्स हा पाद्री आपल्या आश्रयदात्या लेडी कॅथरीनच्या ‘कॉन्डिसेन्शन’चं कौतुक करताना थकत नाही. आज हा शब्द म्हणजे जवळजवळ शिवीच. ‘कॉन्डिसेंडिंग’ साहेब म्हणजे आपला रजेचा अर्ज दोन बोटांत धरणारा साहेब! पण जॉन्सनच्या 1755 च्या शब्दकोशात अर्थ आहे तो थोरानं आपण होऊन खालच्यांच्या बरोबरीला उतरण्याचा. म्हणजे चक्क सद्गुण! कॉलिन्स अगदी मनापासून स्तुती करतोय. आणि बाईसाहेब? पाद्र्याच्या घरातल्या कोंबड्यांपर्यंत सल्ले देतील, पण स्वतः एक पायरी उतरणार नाहीत. चेक मोठा, पण खात्यात पैसे नाहीत; ऑस्टिनचा विनोद आहे तो इथं. आजच्या अर्थानं वाचलं, तर कॉलिन्स चुकून खरं बोलून जातो आणि विनोद बुडीत खाती जमा होतो.

जेन बेनेटची तर याहून पंचाईत. तिची धाकटी बहीण एलिझाबेथ तिच्या ‘कँडर’ची वाखाणणी करते. आज कुणी ‘कँडिडली सांगू का?’ म्हणालं, की आपण खुर्ची घट्ट धरतो. तेव्हा मात्र कँडर म्हणजे दुसऱ्याबद्दल चांगलंच मनात आणण्याचा उमदेपणा. आजच्या भावानं जेन फटकळ ठरते. ही जेन! बिंग्लीच्या त्या नाकं मुरडणाऱ्या बहिणींनाही जी आधी वाईट म्हणत नाही! आणि गंमत बघा, विकहॅम डार्सीविरुद्ध कागाळ्या करतो, तेव्हा त्या तशाच्या तशा खऱ्या मानायला कचरते ती ‘भोळी’ जेन. चलाख एलिझाबेथ मात्र ठार फसते. शब्दाचा जुना अर्थ हरवला, की कादंबरीतलं हे शहाणपणही हरवतं.

शब्द झिजतात, हे खुद्द ऑस्टिनला ठाऊक होतं. ‘नॉर्थँगर ॲबी’तला हेन्री टिल्नी कॅथरीनला ‘नाइस’ या शब्दावरून चिडवतो तो काही उगाच नाही. एकेकाळी चोखंदळपणा सांगणारा हा शब्द तेव्हाच मिळेल त्या वस्तूला चिकटू लागला होता. आपल्या ‘शहाण्या’चं काय झालं? ‘मोठे शहाणे आहात!’ असं म्हटल्यावर कोण आभार मानतो?

तेव्हा जुन्या माणसांना आजच्या भावानं तोलू नये. त्यांचा हिशेब त्यांच्याच नाण्यात मांडावा, आणि संशयाचा फायदा त्यांना द्यावा. यालाच म्हणतात कँडर. अर्थात, जुन्या भावानं!