चौरस हा आयत कीं नव्हे?

चौरस हा आयत आहे काय, असें आठवीच्या मुलास विचारावें; तो बहुधा ‘नाहीं’ म्हणतो, आणि आपण त्यास मंद ठरवून मोकळे होतों. माझ्या मतें यांत मुलाचा दोष थोडा व आमच्या शिकवण्याचा फार आहे.

पाठ्यपुस्तकांतील व्याख्या निर्दोष आहे: ज्याचे चारी कोन काटकोन तो चौकोन आयत. बाजूंच्या लांबीविषयीं तींत अवाक्षर नाहीं. फळ्यावर मात्र आयत नेहमीं आडवा व लांबट निघतो, आणि मूल व्याख्या पाठ करून चित्रावर विश्वास ठेवतें. शिवाय त्याच्या बाजूनें साक्षात् युक्लिड उभा आहे! सर्व बाजू समान नसणें ही अट त्यानें आयताच्या व्याख्येंतच घातली, व समभुज चौकोनास काटकोन नाकारले. म्हणजे चौरस दोन्ही घरांबाहेर. आजचें गणित त्यास दोन्ही घरांत घेतें, तें सकारण. आयताचे कर्ण समान असतात हें एकदां सिद्ध झालें, कीं चौरसासाठीं तीच सिद्धता पुन्हां मांडावी लागत नाहीं. हा लाभ मुलांस कोण सांगतो?

आतां नांवें पाहूं. ज्या वाईंत मराठी विश्वकोश घडला, तेथें शब्दांची चिकित्सा कोणास अप्रस्तुत वाटूं नये. ‘समभुज चौकोन’ हें नांव प्रामाणिक आहे. चौरसास त्यांत मज्जाव नाहीं. ‘आयत’ या संस्कृत शब्दाचा अर्थ मात्र लांबट, ताणलेला. तो शब्द ऐकून ज्यानें चौरसास बाहेर ठेवलें, त्याचा कान शाबूत आहे. रूढ शब्द बदलावा असें मी म्हणत नाहीं. शिक्षकानें ही गांठ उघडून दाखवावी, इतकेंच.

हॉलंडांतील पिएर व डिना व्हान हीले या पतिपत्नींनीं १९५७ सालीं आपल्या प्रबंधांतून दाखविलें, कीं मूल आकृति प्रथम एकंदर रूपावरून ओळखतें, मग तिचे गुण पाहतें, आणि त्यानंतरच एका गुणाचा दुसऱ्याशीं संबंध त्याच्या ध्यानीं येतो. आम्ही मधली पायरी गाळतों.

तिच्यासाठीं चार सारख्या कामट्या पुरतात. लंब वा कर्ण न सांगतां केवळ चार बाजूंवरून क्षेत्रफळ विचारणाऱ्यास भास्कराचार्यांनीं ‘लीलावती’त पिशाच म्हटलें आहे, तें कां, हेंहि त्यांतच कळतें. गेल्या सुटींत कृष्णेच्या घाटावर पुतणीस मीं कामट्यांचा चौरस बांधून दिला. तिनें कोपरा दाबला. काटकोन गेले, क्षेत्र आकसलें. “काय उरलें?” मीं विचारलें. ती बराच वेळ पाहत राहिली. “बाजू,” ती म्हणाली. “म्हणजे काका, दाबण्यापूर्वींहि हा समभुजच होता कीं!”