'सैराट'मधलं पाचवं गाणं

'सैराट'च्या अल्बममध्ये गाणी चारच. 'याड लागलं', 'आताच बया का बावरलं', 'सैराट झालं जी' आणि 'झिंगाट'. ही चारही चित्रपटाच्या पूर्वार्धातच संपतात. उत्तरार्धात एकही गाणं नाही आणि शेवटी तर आवाजच नाही. २०१६च्या एप्रिलमध्ये चित्रपट आला तेव्हा मी इंजिनीअरिंगला होतो आणि गाणी आम्हाला चित्रपटाच्या आधीच पाठ होती. आज नोकरीच्या निमित्ताने हिंजवडी ते चिखली असा रोजचा ट्रॅफिक काढताना हा अल्बम मी अनेकदा पुन्हा ऐकला. या अल्बमची खरी रचना गाणी कुठे थांबतात यात आहे, असं मला आता वाटतं.

अजय-अतुल गोगावले यांचं बालपण वडिलांच्या महसूल खात्यातल्या बदल्यांमुळे पुणे जिल्ह्यातल्या लहान गावांत गेलं. त्यातलं एक राजगुरुनगर. चाकणच्या कारखान्यांना मागे टाकून नाशिक रस्त्याने थोडं पुढे गेलं की लागतं ते. संगीताचं रीतसर शिक्षण नाही आणि इळैयाराजांचा प्रभाव मात्र दोघांनी उघडपणे सांगितलेला. २००१मध्ये 'विश्वविनायक' आला, पुढे 'जोगवा'साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. म्हणजे 'सैराट'पर्यंत येताना त्यांच्याकडे जत्रेचा ढोलही होता आणि पाश्चात्त्य वाद्यवृंदाची ओढही. 'सैराट'साठी ते कल्व्हर सिटीतल्या सोनीच्या स्कोअरिंग स्टेजवर गेले, हॉलिवूडच्या वादकांकडून व्हायोलिनं, पितळी वाद्यं, हार्प वाजवून घेतलं. असं करणारा हा पहिलाच भारतीय चित्रपट, ही बातमी तेव्हा खूप गाजली. त्या बातमीतला अभिमान मोठा होता. पण तिथे गेल्यामुळे गाण्यात नेमकं काय बदललं, यावर फारसं कुणी बोललं नाही.

कीबोर्डवर व्हायोलिनचा आवाज सहज मिळतो. तो स्वच्छ असतो, पण बटण दाबलं की दर वेळी तसाच येतो. एका खोलीत बसलेल्या अनेक वादकांचे गज कधीच शंभर टक्के एकत्र फिरत नाहीत. त्या बारीक फरकांमुळेच आवाजाला रुंदी येते. शिवाय असं ध्वनिमुद्रण म्हणजे मोजूनमापून मिळालेला वेळ. कोणतं वाद्य कुठे शिरणार आणि कुठे गप्प बसणार, हे सगळं आधीच कागदावर उतरलेलं लागतं. समोरच्या वादकाला मराठी येत नाही, त्याला फक्त स्वरलेखन कळतं. पण अजयच्या गळ्यातली हरकत किंवा शब्दाच्या टोकाला आवाज किंचित फाटतो ती जागा स्वरलेखनात पूर्ण उतरत नाही. 'याड लागलं' ऐकताना हा सांधा स्पष्ट कळतो. खाली सगळं आखीव-रेखीव आणि वर एक आवाज त्या रेषेच्या थोडा अलीकडे-पलीकडे. प्रेमात पडलेल्या पोराची अवस्था मला तरी शब्दांपेक्षा या फरकातून जास्त पोहोचते.

रॉक्सेट या स्वीडिश जोडीची गोष्ट इथे आठवते. पेर गेस्ले आणि मारी फ्रेडरिक्सन दोघंही हाल्मस्टाड या लहान शहराच्या परिसरातले. १९८८चा 'लुक शार्प!' इंग्रजीतच होता. एका अमेरिकी विद्यार्थ्याने त्याची प्रत मायदेशी नेऊन मिनियापोलिसच्या रेडिओ केंद्राला दिली आणि १९८९मध्ये त्यातलं 'द लुक' अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचलं. जगात शिरण्यासाठी त्यांनी जगाची भाषा घेतली. 'सैराट'चा प्रवास उलटा आहे. अमेरिकेतले वादक इथल्या बोलीच्या मागे उभे राहिले. 'सैराट झालं जी' मधला 'जी' हा पोवाड्यात, तमाशात झीलकरी ओढतात तो 'जी'. त्याच्याभोवती एवढा मोठा वाद्यवृंद पूर्वी कुणी बसवला नव्हता.

एक आक्षेप मात्र मला टाळता येत नाही. पहिल्या तीन गाण्यांतली ही श्रीमंती काही ठिकाणी फार गुळगुळीत होते. करमाळ्याच्या मातीचा खडबडीतपणा तिच्याखाली दबतो. डोळे मिटून ऐकलं तर काही तुकडे कुठल्याही बड्या हिंदी प्रेमपटात खपून जातील. हे मला बरीच वर्षं खटकायचं. नंतर चित्रपट पुन्हा पाहिला आणि ही गाणी कुणाच्या मनातली आहेत, ते लक्षात आलं. परशा मासेमारी करणाऱ्या घरातला, आर्ची पाटलाची. आपलं प्रेम केवढं मोठं आहे हे मोजायला त्यांच्याकडे सिनेमाचीच पट्टी आहे. इतकी वर्षं ती पट्टी बंगल्यातल्या नायकांसाठी राखून ठेवलेली होती. नागराज मंजुळे आणि अजय-अतुल यांनी ती परशाच्या हातात दिली. गुळगुळीतपणा आहेच, पण तो त्या स्वप्नाचा आहे.

मग येतं 'झिंगाट'. इथे हार्पची नजाकत नाही, थेट बेंजो पार्टीचा ठेका आहे. हे गाणं प्रिन्सच्या, म्हणजे आर्चीच्या भावाच्या वाढदिवसाला वाजतं. सगळा गाव नाचतो आणि त्याच रात्री आर्ची-परशा पकडले जातात. अल्बममधलं सगळ्यांत आनंदाचं गाणं कथेतल्या हिंसेचं दार उघडतं. त्यानंतर मारहाण, पळापळ, हैदराबादची झोपडपट्टी, भांडणं, संसार. गाणं नाहीच. वाद्यवृंदाने दिलेलं स्वप्न काढून घेतलं जातं आणि शेवटच्या प्रसंगात तर आवाजही काढून घेतला जातो. ती शांतता मी या अल्बमचं पाचवं गाणं समजतो. आधीची चार एवढी भरगच्च नसती, तर ती इतकी अंगावर आली नसती.

पण अल्बम चित्रपटापासून सुटा होऊन फिरतो आणि त्यात ही शांतता नाही. पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात 'झिंगाट' विसर्जनात वाजतं, कंपनीच्या ॲन्युअल डेला वाजतं, मंगल कार्यालयांत वाजतं. एका सहकाऱ्याच्या हळदीला आम्ही सगळे त्यावर घाम निघेस्तोवर नाचलो. त्याच्या बहिणीने दोन वर्षांपूर्वी जातीबाहेर लग्न केलं होतं. ती तिथे नव्हती आणि तिचं नावही कुणी काढत नव्हतं. गाणं संपल्यावर वन्स मोअर झाला. नाचणाऱ्या जवळपास प्रत्येकाने 'सैराट' पाहिलेला होता.

याचा दोष संगीताला द्यावा का? नाचायला लावणारं गाणं नाचायला लावतं, ते त्याचं यशच. तरीही अजय-अतुलच्या या कामाकडे 'मराठी गाणं हॉलिवूडला गेलं' एवढ्याच कौतुकाने पाहिलं, तर आपण त्याचा अर्धाच भाग ऐकतो. उरलेला अर्धा ऐकायचा तर 'झिंगाट' संपल्यावर लगेच पुढचं गाणं लावायचं नाही. आमच्या भागातल्या डीजेवाल्यांकडून ही अपेक्षा नाही. ऐकणाऱ्याकडून आहे.