नांदेडचा ग्रंथ आणि उदगीरचा विजय

पुढारी कसा असावा हें शिकविणारीं पुस्तकें अलीकडे फार निघूं लागलीं आहेत. त्यांची रीत ठरलेली असते. एक वचन तत्त्वज्ञाकडून, एक दृष्टान्त गवयाकडून आणि एक पराक्रम सेनापतीकडून घ्यावयाचा, व तिहींची मोट बांधून ती वाचकाच्या हातीं द्यावयाची. आमची तक्रार एवढीच कीं, या तीन गोष्टी तेथें शेजारीं शेजारीं बसतात, एकजीव होत नाहींत. प्लेटोनें 'रिपब्लिक'मध्यें राज्याच्या रक्षकांस संगीत व व्यायाम या दोहोंचें शिक्षण द्यावें आणि त्यांतून निवडलेल्यांनीं तत्त्वज्ञ होऊन राज्य चालवावें असें मांडलें, तेव्हां त्याचा आग्रह या एकजीवपणाचाच होता. तो कसा साधतो आणि न साधल्यास काय होतें, हें पाहण्यास ग्रीस देशीं जावयास नको. मराठवाड्यांतलें नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतलें उदगीर हीं दोन ठिकाणें पुरेशीं आहेत.

गुरु गोविंदसिंगांचा देहान्त इ. स. १७०८ च्या ऑक्टोबरांत नांदेडास झाला. तत्पूर्वीं त्यांनीं कोणासही गादीवर न बसवितां ग्रंथासच गुरुपद दिलें, असें शीख परंपरा सांगते. ज्याचे चारही पुत्र मोंगलांशीं चाललेल्या झगड्यांत गेले, अशा एका लढाऊ पंथाच्या नायकानें आपल्यामागें पुस्तक नेमावें, यापरती धाडसी नवी रीत आमच्या इतिहासांत क्वचितच सांपडेल. परंतु टीकाकारानें येथें नुसतें नमस्कार करून थांबूं नये; तें पुस्तक कसें रचलें आहे हें पाहावें.

गुरु अर्जुनदेवांनीं १६०४ सालीं सिद्ध केलेल्या या ग्रंथाची मुख्य मांडणी रागांवर आहे. कवीवर नाहीं, विषयावरही नाहीं. छापील प्रतीचीं १४३० पृष्ठें, आणि त्यांतील बहुतेक भाग ३१ रागांत विभागलेला. प्रत्येक रागांत आधीं गुरूंचीं पदें, मग भक्तांचीं. त्या भक्तांत कबीर विणकर, रविदास चांभार, शेख फरीद सूफी, आणि आमचे नामदेव शिंपी. नांदेडपासून फारशा दूर नसलेल्या नरसी गांवचे म्हणून मानले जाणारे नामदेव तेथें ६१ पदांनिशीं हजर आहेत. गोविंदसिंगांनीं आपले पिते तेगबहादुर यांचीं पदें ग्रंथांत घातलीं. स्वतःच्या विपुल रचना मात्र बाहेर ठेविल्या. एखाद्या दोह्याविषयीं मतभेद आहे, तेवढा सोडून द्यावा.

वाङ्मयाच्या दृष्टीनें या मांडणींत एक उणीव आहे, ती झांकण्याचें कारण नाहीं. ज्यास नामदेवांच्या मनाचा विकास पाहावयाचा आहे, त्यास त्यांचीं पदें निरनिराळ्या रागांतून वेंचावीं लागतात, आणि एकच विचार पुनःपुन्हां भेटतो. पण हा ग्रंथ एकट्यानें खोलींत बसून वाचण्यासाठीं रचलेला नाहीं. तो संगतींत गाण्यासाठीं आहे. पदांत 'रहाउ' म्हणून खूण केलेली ओळ आमच्या ध्रुपदासारखी आहे. तत्त्व तींत असतें, आणि गातां गातां तें सर्वांच्या मुखीं येतें. जें गुरूच्या एकट्याच्या ठायीं होतें, तें अशा रीतीनें मंडळीचें झालें.

सैन्याच्या बाबतींतही हीच युक्ति दिसते. १६९९ सालीं आनंदपुरास पांच जणांस अमृत दिल्यानंतर गुरु स्वतः त्यांच्यापुढें उभे राहिले व त्यांच्या हातून त्यांनीं तें घेतलें, अशी परंपरा आहे. घातलेला नियम पुढाऱ्यासही लागू झाला. नांदेडाहून पंजाबांत धाडलेल्या बंदा बहादुरानें १७१० सालीं सरहिंद घेतलें. १७१६ सालीं दिल्लीस त्याचा वध झाला. पुढें पंथांत कलह झाले नाहींत असें नाहीं. तरी पंथ मोडला नाहीं.

आतां उदगीर. १७६० च्या आरंभीं सदाशिवरावभाऊंनीं त्या मुलुखांत निजामाच्या फौजेस जेरीस आणून सुमारें साठ लक्षांचा प्रांत मिळविला. या विजयांत इब्राहिमखान गारद्याच्या तोफांचा व फ्रेंच धर्तीवर कवायत शिकलेल्या पायदळाचा मोठा वांटा होता. भाऊंची नव्या विद्येची पारख अचूक होती, हें मान्य केलेंच पाहिजे. परंतु विद्या गारद्यांची राहिली. बाकीच्या फौजेची झाली नाहीं. एका वर्षाच्या आंत, १४ जानेवारी १७६१ रोजीं, पानिपतावर गोल बांधून लढण्याचें ठरलें, तेव्हां मल्हारराव होळकरांसारख्या जुन्या सरदारांचें मन गनिमी काव्याकडेच होतें. विंचूरकर व गायकवाड यांचे स्वार गोल सोडून गारद्यांच्या पुढें धांवले आणि त्यांचाच मारा अडला, असें पानिपतचे अभ्यासक सांगतात. इब्राहिमखान शेवटपर्यंत इमानानें लढला व पकडला जाऊन मारला गेला. पराभवास उपासमार, एकाकीपणा अशीं दुसरींही बलवत्तर कारणें होतीं. सारा भार एका गोष्टीवर टाकणें हा इतिहासाचा अन्याय होईल. तथापि, एका पथकापुरती विकत घेतलेली नवी रीत समरप्रसंगीं साऱ्या सैन्यास तारीत नाहीं, एवढें त्यावरून खास दिसतें.

उदगीरच्या जयाचा अभिमान आम्हांस आहे, आणि तो असावाही. पण पुढारीपणाचे धडे शोधणाऱ्यानें त्या जयापुढें न थांबतां, जें एका पथकाला येत होतें तें सर्वांना कां येऊं नये, हा प्रश्न विचारला पाहिजे. आमच्या शाळा, संस्था आणि कारखाने यांत आजही कुशल माणूस बाहेरून आणला जातो, आणि बाकीची मंडळी जुन्याच चालीनें चालतात. नांदेडच्या गुरुद्वारांत कीर्तन चालू असतां शेजारच्या मराठी घरांतले आम्ही लोक नमस्कार करून बाहेर पडतों. तेथें घटकाभर बसून नामदेवांचें एखादें पद कोणत्या रागांत गातात एवढें जरी ऐकलें, तरी पुढारीपणाच्या दहा पुस्तकांचें काम होईल, असें आम्हांस वाटतें.