‘कपटी’ कोण?

१९९९ साली ‘नेचर’मध्ये मिराल्तो आणि सहकाऱ्यांचा एक छोटा निबंध आला. डायटम या एकपेशीय वनस्पतिप्लवकांचा कोपेपॉडच्या प्रजननावर होणारा परिणाम हा त्याचा विषय. शीर्षकातच त्या परिणामाला लावलेले विशेषण ‘कपटी’ अशा अर्थाचे. कोपेपॉड म्हणजे तांदळाच्या कणीएवढे, पुष्कळदा त्याहूनही लहान कवचधारी जीव. माशांची पिल्ले त्यांच्यावर वाढतात. डायटम खाऊन मादीला काही होत नाही. ती अंडी घालते, पण बरीचशी अंडी उबतच नाहीत.

यामागचे रसायन मोठे देखणे आहे. अखंड पेशीत हे विष जवळजवळ नसतेच. खाताना पेशी फुटली की तिचीच विकरे पटलांतल्या मेदापासून मेदाम्ले सुटी करतात, त्यांना ऑक्सिजन जोडतात आणि साखळी तोडतात. त्यातून डेकाडायनॅलसारखी अल्डिहाइडे तयार होतात. (तळणीच्या तेलातही डेकाडायनॅल तयार होते. दिवाळीत घरभर दरवळणाऱ्या चकलीच्या खमंग वासात त्याचाही वाटा असतो.) कच्चा माल म्हणजे आपण ओमेगा-३ म्हणून कौतुकाने विकत घेतो त्याच कुळातले मेद.

म्हणूनच ते विशेषण खटकते. फुटलेली पेशी मेलेली असते. तिला कसला डाव साधायचा? फायदा झालाच तर आसपासच्या पेशींना, आणि तोही कोपेपॉडची पुढची पिढी रोडावल्यावर. इतका लांबचा हिशेब एका विशेषणात उरकता येत नाही.

२००२ साली इरिगोयेन आदींनी त्याच नियतकालिकात जगभरच्या १२ सागरी क्षेत्रांतली निरीक्षणे मांडली. डायटम वाढले म्हणून अंडी उबण्याचे प्रमाण कुठेच घटलेले दिसले नाही. डायटम, कोपेपॉड, मासे ही जुनी साखळी शाबूत आहे, असा निर्वाळाही त्यांनी दिला. समुद्रात जाऊन मोजणे हे त्यांचे बळ. प्रयोगशाळेतल्या कोपेपॉडच्या पानात एकच पदार्थ वाढलेला असतो, समुद्रात तो निवडून खातो. तरी निर्वाळा मला घाईचा वाटतो. मोजली ती अंडी. बाहेर पडलेल्या पिल्लांचे काय झाले, हे राहूनच गेले. शिवाय सगळेच डायटम ही अल्डिहाइडे बनवत नाहीत, मग सर्वांची मिळून बेरीज काय सांगणार?

२००४ साली यानोरा आणि मूळ गटातल्या मंडळींनी उत्तर एड्रिॲटिकमधल्या स्केलेटोनेमाच्या बहरात नेमके हेच तपासले. उबलेली पिल्लेही व्यंग घेऊन येत होती, त्यांतली थोडीच तगत होती. या निबंधाच्या शीर्षकात मात्र कपट नाही. अल्डिहाइड आहे, आणि सर्वत्र आढळणारा एक डायटम.