तक्त्याचे नाव आणि फाइलचे नाव

समजा, मुळशी तालुक्यातील एका शाळेने ताम्हिणीच्या पावसाच्या नोंदी ‘मायएसक्यूएल’ या माहितीकोश-प्रणालीत ठेवल्या. संगणक विंडोजचा. तक्त्याचे रोमन नाव मोठ्या अक्षराने लिहा किंवा छोट्या, उत्तर मिळते. तोच कोश लिनक्सवर नेला, आणि आज्ञेत एखादे अक्षर मोठे पडले, की प्रणाली म्हणते, असा तक्ताच नाही!

असे का व्हावे? ही प्रणाली साधारणपणे प्रत्येक कोशासाठी फोल्डर, तक्त्यासाठी फाइल करते आणि फाइलला तक्त्याचेच नाव देते. लिनक्समध्ये मोठे व छोटे अक्षर भिन्न, विंडोजच्या नेहमीच्या मांडणीत एकच. म्हणजे डिस्कवरची व्यवस्था थेट आज्ञेच्या भाषेत झिरपते. आम्हाला हे रचनेतलेच वैगुण्य वाटते. त्यावर एक सेटिंग दिलेले आहे: मूळ किंमत लिनक्सवर 0, विंडोजवर 1, मॅकवर 2. पण 2018 च्या 8.0 आवृत्तीपासून ही किंमत मांडणी करतानाच ठरवावी लागते, नंतर बदलता येत नाही. माहितीपुस्तिका सुचवते, सर्व नावे छोट्या अक्षरांत ठेवा. सल्ला व्यवहारी खरा, पण कौले न शाकारता गळतीखाली बादली ठेवण्यातला.

‘पोस्टग्रेस-एसक्यूएल’ने 2001 च्या 7.1 आवृत्तीपासून फाइलींना केवळ क्रमांक दिले. ग्रंथालयातल्या दाखल क्रमांकासारखेच हे. नाव आणि क्रमांक यांची जोडी प्रणालीच्या स्वतःच्या नोंदवहीत राहते. 2005 मध्ये ती थेट विंडोजवर आली, तेव्हा निदान ही अडचण तिच्या वाट्याला आली नाही.

वापरणाऱ्याने लिहिलेला पत्ता मात्र कोणालाच टळत नाही. युनिक्समध्ये पत्त्यात तिरपी रेघ होती. 1983 च्या एमएस-डॉस 2.0 मध्ये फोल्डर आले तेव्हा ती रेघ आज्ञांच्या पर्यायांसाठी आधीच खर्ची पडली होती, म्हणून उलटी रेघ घेतली. मायएसक्यूएलच्या आज्ञेत ‘\टेम्प’ हे रोमन लिपीत लिहिले, तर उलटी रेघ आणि ‘टी’ मिळून टॅब होतो आणि फाइल सापडत नाही. तेथे सरळ तिरपी रेघ लिहावी. विंडोजला ती चालते.

देवनागरीत मोठे-छोटे अक्षर नाही म्हणून आपण निर्धास्त राहावे, तर ‘वाऱ्या’तला ऱ आडवा येतो! युनिकोडमध्ये तो एका संकेताने लिहिता येतो, किंवा र आणि नुक्ता अशा दोन संकेतांनी. मॅकची जुनी एचएफएस-प्लस व्यवस्था नाव साठवताना दुसरे रूप करी. लिनक्स दिले तसे ठेवते. विद्यार्थ्यांना लिनक्सवर दोन्ही प्रकारे ‘वाऱ्याची दिशा’ या नावाची फाइल करायला सांगावे. एकाच फोल्डरमध्ये त्या दोन्ही शेजारी-शेजारी दिसतील.